आक्काच्या गिरिराज कोंबड्या

२०२२ सालचा जानेवारी. पौषातली थंडी होती. पहाटे सव्वासहाला फोन वाजला. पलीकडून आक्काची नात बोलत होती. तिच्या बापाचा मी मामा, म्हणून तीही मला मामाच म्हणते.

"मामा, लवकर या. कुत्र्यांनी कोंबड्या मारल्या."

"किती?"

"मोजल्या न्हाईत. समद्या पडल्यात."

मी सावेडीला राहतो आणि आक्का भिंगारच्या कडेला, नागरदेवळ्याकडच्या बाजूला. स्कूटरवर वीस-पंचवीस मिनिटांचा रस्ता. कानाला मफलर गुंडाळला आणि निघालो. भिंगार म्हणजे नगरच्या छावणीला लागून असलेले गाव. औरंगजेब बादशहा १७०७ साली इथेच वारला, एवढी एक गोष्ट शाळेच्या पुस्तकामुळे सगळ्यांना ठाऊक असते. पण गावाच्या कडेकडेने अजून शेती आहे, गोठे आहेत आणि परसात कोंबड्या आहेत. आक्काच्या अंगणातून पाथर्डी रस्त्यावरच्या डोंगरावरचा चांदबिबीचा महाल दिसतो. खरे म्हणजे ती सलाबतखानाची कबर, पण लोक महालच म्हणतात. त्या दिवशी मी पोहोचलो तेव्हा महालावर नुकतेच ऊन आले होते आणि अंगणात पिसेच पिसे होती.

सोळा कोंबड्या जागच्या जागी पडल्या होत्या. कुठे तुळशीपाशी, कुठे गव्हाणीत, दोन तर मोरीत. दोन गायब होत्या. चार जिवंत होत्या, पण त्यांच्या पाठीची कातडी फाटली होती. एकूण बावीसचा हिशोब लागला. सगळ्या गिरिराज, आणि सगळ्या माझ्या सांगण्यावरून घेतलेल्या.

आणि डोक्यावर, लिंबाच्या फांदीवर, आक्काच्या जुन्या पाच गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा रांगेने बसले होते. त्यांच्या पिसालाही धक्का लागला नव्हता. मी खाली उभा राहून वर पाहत होतो, तेवढ्यात तो कोंबडा आरवला. मला तर तो मुद्दाम माझ्याकडे बघून आरवल्यासारखा वाटला.

ही गोष्ट सांगायची म्हणजे मला आधी माझा स्वतःचा कबुलीजबाब द्यावा लागेल. मी बी.एस्सी. ॲग्री. झालेला माणूस. तीस वर्षे होत आली, शेतीचा विस्तार अधिकारी म्हणून बांधाबांधावर फिरतो आहे. कोंबडी हा विषय तसा माझ्या खात्याचा नव्हे, तो पशुसंवर्धनाचा. पण गावात खाती कोण विचारतो? साहेब आला म्हणजे त्याला उसावरची लोकरी मावाही ठाऊक पाहिजे, गाय का फळत नाही हेही ठाऊक पाहिजे, आणि कोंबडी मान का टाकते हेही. मीही मग थोडे वाचून, थोडे विचारून सांगत असे. परसातल्या कोंबडीपालनाबद्दल तर मी मोठ्या उत्साहाने बोलत असे. कॉलेजात शिकलेली आकडेवारी जिभेवर होती. गावठी कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते. त्यात ती मधूनच खुडुक होऊन बसते, मग अंडी बंद. गिरिराज ही बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने १९८९ साली दिलेली जात. रंगीत, दिसायला गावठीसारखी, वाढायला झपाट्याची, परसात सोडली तरी चालणारी, वर्षाला सव्वाशे-दीडशे अंडी देणारी, आणि खुडुक न बसणारी. फळ्यावर दोन रकाने काढले की कोणालाही पटावे असा हिशोब.

दाजी गेल्यापासून आक्काच्या घरात पैशाची ओढाताण होती. मुलगा एमआयडीसीत कामाला, त्याचा पगार त्याच्या हप्त्यांना पुरत नसे. नात बारावीला. तिला नर्सिंगला जायचे होते. आक्का म्हणाली, "फी मी भरीन, पण मला काहीतरी बसल्या जागेचं सांग." मी सांगितले आणि जून २०२१ मध्ये महिन्याची पंचवीस पिल्ले आणून दिली, एकशे दहा रुपयांना एक. नातीने शाळेच्या वहीत हिशोब लिहायला घेतला. वरती मथळा घातला, 'नर्सिंग'.

दोन पिल्ले लहानपणी मेली, एक नर पाहुण्यांत गेला. उरलेली बावीस अशी वाढली की वाटेने जाणारा थांबून बघे. राणीखेतची लस वेळेवर टोचून घेतली होती, जंताचे औषध दिले होते. मी फुशारून गेलो होतो.

दिवाळीच्या सुमाराची गोष्ट. संध्याकाळी आम्ही ओट्यावर चहा पीत बसलो होतो. गावठी कोंबड्या एकेक करून गोठ्याच्या पत्र्यावर आणि पत्र्यावरून लिंबावर चढल्या. गिरिराज मात्र खाली भिंतीशी एकमेकींना चिकटून बसल्या. आक्का म्हणाली,

"आरं, ह्या कोंबड्या असून जमिनीवर झोपत्यात. झाडावर चढत न्हाईत."

मी हसलो. म्हणालो, "झाडावर चढायची गरज काय आक्का? आता खुराडं आहे ना त्यांना."

आक्का गप्प बसली. ती माझ्याहून बारा वर्षांनी मोठी, चौथी शिकलेली. मी साहेब. तिने पुढे वाद घातला नाही. घातला असता तर बरे झाले असते.

आता त्या पहाटे काय झाले ते सांगतो. खुराड्याचे दार रात्री नीट लावलेले होते. आक्काच्या घरची, किंबहुना आपल्या सगळ्यांच्याच घरची रीत अशी, की झुंजूमुंजू व्हायच्या आधी बाईमाणूस उठते, गोठ्यात जाता जाता खुराड्याची फळी सरकवते आणि मग गाय पिळायला बसते. आक्काने तेच केले. कोंबड्या बाहेर आल्या. अजून नीट उजाडलेले नव्हते. कोंबडीला अंधुक उजेडात फार कमी दिसते, हे आपल्याला ठाऊक असते पण लक्षात राहत नाही. तीन कुत्री कुंपणाच्या मोकळ्या बाजूने आत आली. गावठी कोंबडी असती तर फडफड करून पत्र्यावर गेली असती. तीन-तीन किलोची गिरिराज फार तर हात-दीड हात उडते आणि धप्पकन खाली येते. ती खाली आली की कुत्र्याला आणखी चेव येतो.

कुत्री भुकेसाठी एक कोंबडी धरतात आणि निघून जातात, असे नसते. समोर फडफड चालू आहे तोवर ते जनावर एकीला टाकते आणि दुसरीला धरते. म्हणून सोळा मेलेल्या जागेवर आणि नेलेल्या दोनच. रानमांजर आले असते तर एक उचलून गेले असते. मुंगूस असते तर मानेशी जखम दिसली असती. पाठ फाडलेली, पिसे अंगणभर, आणि मढी तिथेच पडलेली, म्हणजे बहुतेक वेळा कुत्र्याचेच काम.

त्या तिघांतली एक कुत्री आक्काच्या ओळखीची होती. पिवळी, एका कानाची कातरलेली. भाद्रपदात कुत्री माजावर येतात, दोन महिन्यांनी वितात, आणि पौषापर्यंत पिल्ले दीड-दोन महिन्यांची होऊन आईच्या दुधाला पुरेनाशी होतात. हिची चार पिल्ले ओढ्याच्या मोरीत होती. आक्का तिला रोज संध्याकाळी भाकरीचा चतकोर टाकत असे. "माझ्या हातची भाकर खाऊन माझ्याच दारात," एवढेच ती दोन-तीनदा म्हणाली.

शेजारचे आण्णा तोवर येऊन उभे राहिले होते. त्यांनी आधी सुचवले की, "टाकून कशाला देता, निम्म्या तरी साफ करून घ्या." मी नको म्हणालो. कुत्र्याच्या लाळेने माखलेले मांस, त्यात ती कुत्री कशी होती कोणास ठाऊक. मागच्या बांधाला कमरेएवढा खड्डा घेतला, मढी टाकली, वर चुना पसरला, माती लोटली आणि दगड रचले. दगड नसते रचले तर तीच कुत्री रात्री उकरायला आली असती, आणि कोंबडीची चव आणखी पक्की झाली असती.

चवीचे सांगायचे तर मुळात ती त्यांना लागली कशी, हाही प्रश्न आहे. माझ्या लहानपणी गावात कुत्री काही कमी नव्हती, पण ती भाकरीवर आणि उकिरड्यावर जगायची. मेलेले जनावर गावाबाहेर टाकले की तासा-दोन तासांत गिधाडे उतरायची. ती गिधाडे गेली. जनावरांना टोचायच्या डायक्लोफिनॅक औषधाने मेली, असे शास्त्रज्ञांनी दाखवून दिले आणि २००६ साली ते औषध जनावरांसाठी बंद झाले, पण तोवर फार उशीर झाला होता. मढ्यांवर आता कुत्री असतात. त्यात गेल्या पंचवीस-तीस वर्षांत नाक्यानाक्यावर ब्रॉयलरची दुकाने झाली. आतडी, पाय, मुंडकी, पिसे गोणीत भरून कोणी ओढ्याला टाकतो, कोणी रस्त्याच्या कडेला. कुत्र्याला दहा वर्षे आपणच कोंबडी खाऊ घालायची आणि अकराव्या वर्षी ती जिवंत दिसली तर त्याने तोंड फिरवावे अशी अपेक्षा धरायची! आण्णांच्या भाच्याचेच असे दुकान आहे. मी हे त्यांना त्या दिवशी बोललो नाही, पुढे बोललो.

दुपारी आण्णा पुन्हा आले. हळू आवाजात म्हणाले, "सायेब, जुन्या थायमेटची पिशवी माझ्याकं पडलीय. त्या मेलेल्या कोंबडीतली एक द्या. रात्रीत काम होतंय. तुमी फक्त किती घालायचं ते सांगा."

औषधाची मात्रा सांगणे हा माझा तीस वर्षांचा धंदा. कधी कोणी अशी मात्रा विचारली नव्हती. खोटे कशाला बोलू, अंगणातली ती पिसे समोर असताना क्षणभर माझ्याही मनात आले की होऊन जाऊ दे. पण थायमेट म्हणजे फोरेट. ते २०२० च्या अखेरीपासून देशात बंद आहे आणि ते उगीच बंद झालेले नाही. विष घातलेले मांस कोणते जनावर खाईल हे घालणाऱ्याच्या हातात नसते. मागे एका वाडीत असाच प्रकार झाला होता. सकाळी पहिला मेला तो विष घालणाऱ्याचाच राखणीचा कुत्रा, आणि तीच मुंडी ओढत नेली होती घराच्या ओट्यापर्यंत, जिथे रांगते मूल होते. शिवाय कायदा आहे. कुत्र्याला मारणे हा तेव्हाच्या दंडविधानात गुन्हा होता आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे. भटक्या कुत्र्यांसाठी २००१ साली नियम झाले, २०२३ साली ते नव्याने आले. त्यांचा सारांश असा की कुत्री धरून त्यांची नसबंदी करावी, रेबीजची लस टोचावी आणि पुन्हा त्याच जागी सोडावीत. नसबंदी झालेली कुत्री तिथेच राहतात आणि बाहेरची नवी सहसा येऊ देत नाहीत, हा त्यामागचा विचार. मारून मोकळी केलेली जागा मात्र पुन्हा भरते. हे काम गावोगाव होईल तेव्हा होईल. खेड्यात अजून त्याची वाट पाहण्यासारखीच स्थिती आहे.

मी आण्णांना एवढेच म्हणालो, "पिशवी मला द्या, मी नेतो." त्यांनी दिली नाही. पण घातलेही नाही. असो.

सगळे त्या कोंबड्यांच्या मागे होते, आणि ज्याकडे बघायला हवे होते तिकडे कोणी पाहिलेच नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पुन्हा गेलो. जखमी चारपैकी दोन कोंबड्या एव्हाना मेल्या होत्या. उरलेल्या दोघींच्या जखमा हळद लावून आक्काने बऱ्या करत आणल्या होत्या. मला चहा देताना तिने डाव्या हाताने कप पुढे केला. आक्का कधी डाव्या हाताने काही देत नाही. उजवा हात पदराखाली होता.

"आक्का, हात दाखव."

"काय न्हाई. खरचटलंय."

पाहिले तर मनगटावर दोन दात उतरलेले, वर चुना आणि तिखट भरलेले. पिवळीच्या तोंडातून कोंबडी ओढून काढताना लागले होते. तीन दिवस झाले होते. तिने सुनेला सांगितले नव्हते, नातीला सांगितले नव्हते. मला का नाही सांगितलेस, विचारले तर म्हणाली, "तुझं तोंड आधीच एवढंसं झालं हुतं, त्यात आनि हे कशाला?"

मंडळी, त्या वेळी माझे पाय लटपटले. कोंबड्यांचे नुकसान वहीत मांडता येते. रेबीज एकदा अंगावर दिसला की मग त्यावर उपाय नाही. माणूस जातो म्हणजे जातोच. ती कुत्री पिसाळलेली होती की नाही, हे कोणालाच ठाऊक नव्हते. आणि अशा वेळी वाट बघत बसायचे नसते. मी तिचा हात नळाखाली धरला, ते तिखट धुऊन काढले आणि साबण लावून घड्याळ बघून पंधरा मिनिटे पाणी सोडले. हे खरे तर चावल्याबरोबर करायचे असते, पण उशीर झाला म्हणून सोडायचे नसते. तिखट, चुना, हळद, तंबाखू यातले काहीही लावायचे नसते. त्याच रात्री तिला सरकारी दवाखान्यात नेले. रक्त निघालेली जखम म्हणून जखमेभोवती सीरम दिले आणि लस सुरू केली. पहिल्या सुईनंतर तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा. सातव्या दिवसानंतर आक्का म्हणू लागली, "आता मला काय हुत न्हाई, कशाला परत खेटा?" अठ्ठाविसाव्या दिवसाला मी रजा टाकली आणि तिला स्कूटरवर बसवून घेऊन गेलो. तो महिना मी कसा काढला ते माझे मला ठाऊक. आक्काने पाण्याचा तांब्या तोंडाला लावला की मी बघत बसे.

आक्का बरी राहिली. आज आहे, चांगली खणखणीत आहे.

मधल्या काळात कुत्री पुन्हा आली होती. चौथ्या रात्री. एकदा जागा सापडली की ती येणारच. खुराड्याला मी जी जाळी लावून दिली होती, ती बाजारात कोंबडीची जाळी म्हणूनच मिळते, बारीक तारेची, षटकोनी भोकांची. कोंबडी आत राहण्यापुरती ती ठीक आहे. बाहेरचा आत न येण्यासाठी ती काही कामाची नाही. कुत्र्याने खालचा कोपरा दातात धरून धोतर फाडावे तशी फाडली होती. नशीब, त्या दोघी आक्काने घरात डालग्याखाली झाकल्या होत्या.

नातीची वही मी एकदा मागून घेतली. पिल्ले, खाद्य, लस मिळून खर्च सात हजारांच्या घरात. डिसेंबरच्या मध्यापासून अंडी सुरू झाली होती. पाच आठवड्यांत १६३ अंडी. त्यातली १४० बारा रुपयांनी विकली, १,६८० रुपये. पुढच्या पानावर धुळवडीला विकायच्या नऊ नरांची नुसती रेघ मारून ठेवली होती. त्यापुढे पाने कोरी. बिबट्याने किंवा लांडग्याने शेळी मारली तर वनखात्याचा पंचनामा होतो, भरपाईचा अर्ज करता येतो. गावातल्या कुत्र्याने कोंबडी मारली तर पंचनामा कोणी करायचा? मी आक्काला म्हणालो, सात हजार मी देतो. तिने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली,

"कोंबड्या मी घेतल्या हुत्या. तू साहेब म्हणून सांगितलंस, मी माझ्या मनानं घेतल्या. पैसे देऊन तुला मोकळं व्हायचंय व्हय?"

मी पैशाचे पाकीट खिशात ठेवले. नातीची फी पुढे दोन शेळ्या विकून भरली.

मला राहून राहून वाटत होते ते हे, की मी फळ्यावर मांडलेला हिशोब खोटा नव्हता, पण अर्धा होता. अंड्यांचा रकाना होता, कोंबडी वर्षअखेर जिवंत राहिली का हा रकानाच नव्हता. गावठी कोंबडी ही मूळ रानकोंबडीची नात. रानकोंबडी दिवसभर जमिनीवर उकरते आणि रात्री झाडावर जाते. गावठीने हजारो वर्षे माणसाच्या अंगणात काढली, पण हे ज्ञान टाकले नाही. आपण तिच्या अंगावर मांस वाढवले, पंखांना तेवढे बळ उरले नाही. दुसरे असे की, गावठीच्या सहा गेल्या तरी एक खुडुक बसली की एकवीस दिवसांनी आठ-दहा पिल्ले घेऊन फिरते. मी ज्याला दोष म्हणून शिकवत होतो, ती त्या गरिबाघरची विम्याची पावती होती. गिरिराज खुडुक बसत नाही, म्हणजे गेली की पुन्हा एकशे दहा रुपये मोजा. २०१९ च्या पशुगणनेत देशात परसातल्या कोंबड्या एकतीस कोटींच्या वर गेल्या. भटकी कुत्रीही त्याच गणनेत दीड कोटीच्या वर होती. दोन्ही आकडे एकाच अहवालात, पण आम्ही भाषणात पहिलाच सांगतो.

म्हणून गिरिराज वाईट, असे मी म्हणणार नाही. तिला घर लागते, आणि ते पिल्ले यायच्या आधी लागते, एवढेच.

मार्च महिन्यात मी आणि भाच्याने मिळून नवे खुराडे केले. आमच्या आईचा जुना लोखंडी पलंग अडगळीत होता. सहा फूट बाय तीन फूट, पाय दोन-अडीच फूट उंच करून घेतले. खाली लाकडी पट्ट्या, पट्ट्यांत बोटभर फट, म्हणजे विष्ठा खाली पडते आणि तिचे खतही होते. चारी बाजूंनी एक इंची चौकोनी वेल्डमेश जाळी, वर पत्रा, आत बसायला आडवी दांडी. दाराला फळी आणि दगड नव्हे, कडी आणि कोयंडा. मोठ्या कोंबडीला रात्रीपुरती दीड चौरस फूट जागा धरली तर दहा-बारा जणी त्यात राहतात. जाळी आणि वेल्डिंग धरून साडेचार हजार लागले. खर्च भाच्याने केला, त्याला आक्का काही बोलली नाही. खुराड्यापुढे वेड्या बाभळीच्या काट्यांचे दाट कुंपण करून पंधरा-वीस फुटांचे आवार केले.

आणि वेळ बदलली. हे फुकटातले काम, पण तेच सगळ्यांत अवघड गेले. आक्काची चाळीस वर्षांची सवय, अंधारात फळी सरकवायची. आता कोंबड्या नऊ वाजेपर्यंत आत. तोवर ऊन वर येते, अंगणात माणसांचा राबता असतो, आणि रात्रभर हिंडलेली कुत्री सावली धरून पडतात. संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी मूठभर दाणे टाकून सगळ्या आत. याचा एक फायदा माझ्याही लक्षात आला नव्हता, तो आक्कानेच सांगितला. कोंबड्या बहुतेक अंडी सकाळच्या पहारात घालतात. आत असल्या की अंडी खुराड्यातच मिळतात. आधी कडब्याच्या गंजीत, शेणीच्या उडवीत, कुठे कुठे हुडकत फिरावे लागे, आणि निम्मी मुंगूस खाई.

पिवळीला आक्काने भाकर टाकणे बंद केले नाही. फक्त दारात टाकायची ती आता ओढ्याच्या मोरीपाशी जाऊन टाकू लागली, कोंबड्या कोंडल्यावर. आण्णा तिला हसत. पुढच्या पावसाळ्यात ती कुत्री पाथर्डी रस्त्यावर ट्रकखाली गेली. आक्काने मला ते फोनवर सांगितले. सांगण्यासारखे दुसरे काहीही नव्हते, तेवढ्यासाठीच फोन केला होता.

आण्णांच्या भाच्याला मी दुकानामागे खड्डा घ्यायला लावले. तो आठ दिवस घाण पुरतो आणि आठ दिवस विसरतो. विसरला की ओढ्याकडून कुत्र्यांचा गलका ऐकू येतो, मग आक्का आण्णांना हाक मारते आणि आण्णा भाच्याला.

हल्ली बायकांच्या बैठकीत कोंबडीचा विषय निघाला तर मी फळ्याकडे जात नाही. आधी विचारतो, तुमच्या कोंबड्या रात्री कुठे बसतात? मग अर्धा तास मला बोलावे लागत नाही. कोणी सांगते, कुत्र्याचे पिल्लू लहानपणापासून कोंबड्यांत वाढवले आणि पहिल्यांदा अंगावर गेले तेव्हाच दटावले, की तेच पुढे राखण करते. हे खरे आहे, मी पाहिले आहे. कोणी सांगते, मेलेली कोंबडी कुत्र्याच्या गळ्यात बांधली की तो पुन्हा धरत नाही. हे मी पाहिलेले नाही, आणि भटक्या कुत्र्याच्या गळ्यात बांधायला जाणार कोण, असे विचारले की सगळ्या हसतात.

आक्काकडे आता अकरा गावठी आणि सहा गिरिराज आहेत. नात २०२५ मध्ये नर्सिंग पास झाली. मागच्या वर्षी आक्काने मला न विचारता एक उद्योग केला. गिरिराजची अंडी खुडुक बसलेल्या गावठीखाली ठेवली. कोंबडा गावठीच होता. मी सांगितले, अशी पुढची पिढी गिरिराजइतकी अंडी देत नाही, तुझे नुकसान आहे. ती म्हणाली, बघू की. नऊपैकी सात पिल्ले जगली. अंगाने मध्यम, रंगाने कशीही. त्यातल्या दोन तलंगा आता संध्याकाळी गोठ्याच्या पत्र्यापर्यंत चढतात. लिंबावर अजून नाही.